पेटीत किती ठेवायचं : जांबोटी, एप्रिल ते जून २०२५

१३ एप्रिल, रविवार

नऊ पेट्या, सगळ्या सातेरीच्या, म्हणजे आपल्या देशी मधमाशीच्या. आज एकेक करून उघडल्या, तळपाट खरवडून पुसले आणि वही नव्यानं सुरू केली.

मागच्या वर्षीची वही मे महिन्यापर्यंत छान आहे. पुढं पाऊस लागल्यावर एकेका ओळीच्या नोंदी. "३ रिकामी." आठ दिवसांनी "५ पण." मग "७, ८." मृगाला नऊ पेट्या होत्या, गणपती बसले तेव्हा पाच. रोग नव्हता, मुंग्या नव्हत्या. मी मेच्या शेवटी सुपर (पेटीचे वरचे, मधाचे मजले) रिकामे केले ते केलेच, शिवाय खाली पिल्लांच्या कोठीतल्या कडेच्या चौकटी, म्हणजे पोळं धरणाऱ्या लाकडी चौकटी, मधानं गच्च दिसल्या म्हणून त्याही मध काढायच्या यंत्रात फिरवल्या. बाटल्या भरल्या आणि माश्या उठून गेल्या. सातेरी उपाशी बसून राहत नाही. खायला कमी पडलं की राणी अंडी घालायची थांबते, शेवटचं पिल्लू बाहेर पडलं की सगळा कुटुंबकबिला पेटी सोडून रानात.

यंदाच्या नऊ म्हणजे उरलेल्या पाच, त्यांतून फेब्रुवारीत पाडलेल्या तीन आणि एक वारुळातून काढलेली (पेटी ९).

आमच्या बाजूला जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून नारळी पौर्णिमेपर्यंत माशीला बाहेर पडायला मिळतं ते दिवसात तास-दोन तास, तेही मिळालं तर. बाहेर पडून तरी काय, फुललेलं काही नसतं. म्हणजे दोन महिन्यांची शिदोरी पेटीतच हवी. ती किती, हे मागच्या वर्षी अंदाजानं ठरवलं. बेळगावच्या उद्यमबागेत कारखान्यात दिवसभर मायक्रोमीटर हातात असलेल्या माणसानं अंदाजानं ठरवावं, हेच मला जास्त लागलंय.

यंदाचा नियम असा. पिल्लांच्या कोठीत आठ चौकटी. मधल्या सहांत वरच्या पट्टीखाली तीन बोटं झाकलेला मध, कडेच्या दोन पूर्ण भरलेल्या. भरलेली कडेची चौकट किलोच्या आसपास जाते. सगळं धरून पेटीत तीन-साडेतीन किलो राहतं. त्याच्या वरचं असेल ते सुपरमधलं, तेवढंच आपलं. बोटं माझी, आणि मोजायला दर वेळी मीच, म्हणजे माप बदलायला नको.

२० एप्रिल, रविवार

ऊन भयंकर. जांभळाचा मोहर उतरणीला, अंजन अजून आहे. पेट्यांवर खानापुरी कौलं दुहेरी घातली, मधे दोन काड्या ठेवून, म्हणजे वारा खेळतो. पाण्याच्या परातीत खडे घातले. नाहीतर माश्या बुडून मरतात. स्टँडच्या पायांखालच्या वाट्यांतलं पाणी आटलं होतं, भरलं. बाबांना सांगितलं की वाट्या रोज बघायच्या. ते म्हणाले, "काजूला पाणी घालूदे की तुझ्या मुंग्यांना?"

२७ एप्रिल, रविवार

पहिली काढणी. पेट्या १, ३, ४, ५ आणि ९ चे सुपर तयार होते.

चौकट उचलून उन्हाकडे धरली की कळतं. ज्या घरांवर मेणाचं पांढरं टोपण बसलंय तो पिकलेला मध. उघड्या घरांतला रस अजून कच्चा. चौकट आडवी धरून एक झटका द्यायचा. थेंब उडाले तर ती परत आत. मी पाऊण भाग झाकलेला असल्याशिवाय काढत नाही. अठ्ठावीस चौकटी निघाल्या, सात परत ठेवल्या.

चाकू उकळत्या पाण्यात बुडवायचा, फडक्याला पुसायचा आणि मग टोपण उतरवायचं. पुसायचं विसरलं तर पाण्याचा थेंब सरळ मधात. टोपण निघताना बटर पेपर सोलल्यासारखा बारीक आवाज येतो आणि खाली घरं चमकतात, जांभूळ-अंजनाचा मध, लालसर, जिभेवर किंचित कडसर. यंत्र हाताचंच आहे. सुपरची पोळी नवी, कोवळी असतात. एकदम जोरात फिरवलं की पट्टीतून तुटून ड्रममध्ये पडतात. म्हणून एका बाजूचा निम्मा मध काढायचा, चौकट उलटायची, दुसऱ्या बाजूचा पूर्ण, परत उलटून पहिल्या बाजूचा राहिलेला. आई हँडल फिरवायला बसते तेव्हा तिला सांगावं लागत नाही, ताक घुसळताना जो हात असतो तोच.

२८ चौकटी, ९ किलो ६०० ग्रॅम.

मधातला ओलावा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर या वर्षी घेतला. १, ३, ४, ५ चा मध १९ ते १९.५ टक्के ओलावा. पेटी ९ चा २२! ती ओढ्याच्या अंगाला, सावलीत आहे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाची मर्यादा २० ची. त्यावर गेला की मधातलं यीस्ट जागं होतं आणि महिन्याभरात बाटलीचं झाकण फुगतं. ९ चा मध वेगळा ठेवला, घरात खायला.

सातेरीचा मध पातळ का, याचं एक कारण दारातच दिसतं. पंखा घालणारी कामकरी माशी बघा: युरोपियन माशी तोंड पेटीकडे करून उभी राहते आणि आतली दमट हवा बाहेर खेचते. सातेरी उलटी, तोंड बाहेर, बाहेरची हवा आत ढकलते. ओढ्याकाठी बाहेरचीच हवा दमट असेल तर ती तरी काय करणार. पेटी ९ वर माळावर न्यायची, पण आत्ता नाही, एकदम हलवली तर माश्या जुन्या जागी परत जातील. रोज हातभर सरकवायचं बाबांना सांगितलंय.

काढणी झाल्यावर आईनं विचारलं, "आणि खालचं? मागच्या वर्षी खालचं पण काढला होतास न्हवं?" हो, काढला होता.

३० एप्रिल, अक्षय तृतीया

पहिली बाटली देवापुढं. चार बाटल्या कारखान्यात गेल्या. एकानं नेहमीप्रमाणे काडी मधात बुडवून पेटवायला बघितली. पेटली तर खरा, म्हणे. कागदावर टाकून बघणारे, कुत्र्याला हुंगायला लावणारे, पाण्याच्या ग्लासात धार सोडणारे, सगळे होऊन गेलेत. घट्ट साखरेचा पाक या सगळ्या परीक्षा पास होतो. वाद घालायचं मी सोडलंय. रिफ्रॅक्टोमीटर दाखवला की लोक गप्प होतात, त्यानंही फक्त ओलावाच कळतो, भेसळ नाही. पण भिंगातून बघायला मिळाल्याचं समाधान वेगळं.

११ मे, रविवार

हिरडा फुललाय. पेट्यांच्या दारात गर्दी, संध्याकाळी जवळ गेलं की रसाचा आंबूस-गोड वास. या रसावरच दुसरी काढणी आणि पावसाळ्याची बेगमी, दोन्ही.

आज कोठ्यांतल्या चौकटी फिरवल्या. पिल्लं वाढून-वाढून पोळं काळं पडतं, प्रत्येक पिढी घरात आपलं अस्तर सोडते, घर अरुंद होत जातं. सातेरी स्वतःच जुनं पोळं खालून कुरतडून टाकते, ते चुरे तळपाटावर पडतात आणि त्यांत मेणअळी, म्हणजे पोळं खाणारी अळी वाढते. त्यामुळे सगळ्यांत काळी चौकट मधून काढून कडेला सरकवली आणि मधे नवीन दिली. कडेला गेलेल्या काळ्या चौकटीत पिल्लं बाहेर पडली की माश्या मध भरतात. पावसाळ्यात तो खाऊन संपवतील, दिवाळीत ती रिकामी चौकट वितळवायची. मधासकट काढून टाकायला जीव होत नाही, आणि पिल्लांसकट तर नाहीच.

वाईट बातमी पेटी २ ची. झाकलेल्या पिल्लांत चार-पाच टोपणांना भोकं, आत अळी पाठीवर ताठ, डोक्याकडचं टोक काळसर आणि वर उचललेलं. चिमट्यानं उचलली तर पाण्यानं भरलेल्या पिशवीसारखी लोंबली. नराच्या घरांच्या टोपणालाही मधोमध बारीक भोक असतं, ते मी पहिल्या वर्षी रोग समजून घाबरलो होतो. हे तसलं नाही. हा सॅकब्रूड, पिल्लांचा विषाणूचा रोग.

१९९१-९२ मध्ये थाई सॅकब्रूडनं दक्षिणेतल्या सातेरीची वाताहत केली. कर्नाटक, केरळ, तमिळनाडू, नव्वद टक्क्यांच्या वर वसाहती गेल्या. आमच्या गावातही त्या वेळच्या पेट्या माळ्यावर पडलेल्या मी लहानपणी बघितल्यात, एकीत आजी लसूण ठेवायची. विषाणूला औषध नाही. रोगट पिल्लं काढून जाळायची, राणी बदलायची किंवा काही दिवस अंडी घालू द्यायची नाहीत आणि वाट बघायची. राणीला पिंजऱ्यात ठेवलं, दहा दिवस.

याचा हिशेबावर परिणाम असा की माझा बेत होता जिच्याकडे जास्त तिच्या भरलेल्या चौकटी जिच्याकडे कमी तिला द्यायच्या. २ मध्ये मध भरपूर आहे, ६ आणि ८ मध्ये कमी. आता २ मधली एकही चौकट दुसरीकडे जाणार नाही. चाकू, चिमटा, हात सगळं धुऊन मग पुढची पेटी.

१८ मे, रविवार

सुपर जड आहेत. पण चौकटी उचलल्या तर जेमतेम चाळीस टक्के झाकलेलं. बाकी सगळं उघडं, चमचमतंय.

बायको म्हणाली, आहे ते काढून घ्या, पावसाचा काय भरवसा. मी म्हटलं, आणखी आठ दिवस. हवामान खात्यानं मान्सून लवकर सांगितलाय, पण लवकर म्हणजे केरळात २७ च्या आसपास. तिथून आमच्यापर्यंत यायला वेळ लागतो. २५ ला काढणी करायची ठरवली.

२१ मे, बुधवार

बाबांचा फोन. "पाऊस सोडंना झालाय. काल दुपारपासनं." मी म्हटलं वळवाचा असेल. ते म्हणाले, "वळवाला वीज असत्या. हे नुसतं पडतंय."

२५ मे, रविवार

आज रोहिणी निघाली. एरवी या दिवसांत गावात धूळवाफ पेरणीची गडबड असते. यंदा धूळ कुठं आहे? शेतात पाय घातला की पोटरीपर्यंत चिखल. मान्सून काल केरळात दाखल झाला, नेहमीपेक्षा आठ दिवस आधी, २००९ नंतर इतका लवकर आलाच नव्हता. त्यात अरबी समुद्रातला कमी दाबाचा पट्टा रत्नागिरीकडे किनाऱ्यावर चढला आणि घाटमाथ्यावर जे व्हायचं ते झालं.

दुपारी दोनच्या सुमारास तासभर उघडलं. बाबा मोठी छत्री धरून उभे, मी पेट्या उघडतोय. झाकण हलवल्याबरोबर आतून सगळ्या एकदम "फुस्स" करतात, सातेरीची ती सवयच, पण आजचा आवाज वेगळा, बारीक, चिडका. हिरड्याची फुलं झडून गेलीत. पाच दिवस माशी बाहेर पडलेली नाही.

पेटी ४ च्या सुपरमधली चौकट आडवी धरून झटका दिला. पाणी उडालं, अक्षरशः. रिफ्रॅक्टोमीटर लावला, २५. मागच्या रविवारी काढला असता तर निदान झाकलेला भाग कापून चाळीस टक्के हाती आला असता. आता झाकलेल्यातलाही काही त्यांनी फोडून खायला घेतलाय.

उभ्या-उभ्या ठरवलं की दुसरी काढणी नाही. सगळं त्यांचं. बाबा म्हणाले, "एवढं सगळं सोडूलास? पंधरा किलो तरी असंल." बारा असेल. पंचवीस टक्क्यांचा मध काढून करू काय, आठ दिवसांत दारू होईल.

पण सोडून दिलं की संपलं असंही नाही. सुपर तसाच वर ठेवला तर पेटीचं घर दुप्पट. माश्या पावसात खाली गोळा होऊन पिल्लांना ऊब देतात, वरच्या मजल्यावर फिरकत नाहीत. तिथं ओल, बुरशी आणि मेणअळी. मध वर, माश्या खाली, मधे थंड पोकळी. सुपरच्या चौकटी खाली कोठीत घालाव्यात तर उंचीला निम्म्या. खालच्या रिकाम्या जागेत त्या वेडंवाकडं पोळं बांधतात आणि पुढच्या वेळी चौकट उचलली की सगळं फाटतं.

रात्रभर याच विचारात. पत्र्यावर पाऊस.

१ जून, रविवार

कारखान्यात पॅकिंगच्या खोक्यांची प्लायवूड भंगारात जाते, ती मागून आणली. सुपरच्या आतल्या मापाचे आडवे पाट कापले, चौदा. वर चौकटीसारखीच पट्टी, म्हणजे खाचेत बसतात. बाजूंना अर्धा मिलिमीटर सैल, कारण प्लाय पावसात फुगते. (पहिला पाट मी नेमक्या मापाचा केला होता. पाण्यात बुडवून बघितला, तासाभरात बसेना. भंगारातल्या वस्तूवर एवढा प्रयोग केल्याबद्दल फोरमननी हात जोडले.)

पद्धत अशी केली : सुपरमधल्या सात चौकटींतल्या सगळ्यांत भरलेल्या चार मधोमध, पिल्लांच्या बरोबर वर. त्यांच्या दोन्ही बाजूंना एकेक पाट. पाटापलीकडे काहीच नाही. म्हणजे वरचा मजला निम्मा झाला आणि खालची ऊब थेट चार चौकटींना. राहिलेल्या तीन-तीन चौकटी, ज्यांत थोडाथोडा रस होता, त्यांच्यासाठी पेटी ४ आणि ७ वर दुसरा प्रयोग. आतलं झाकण मधे ठेवलं, त्याला रुपयाएवढं भोक, त्याच्यावर या चौकटी. माशीला तो भाग घराबाहेरचा वाटतो आणि ती तिथला रस उचलून खाली नेते, असं ऐकून होतो.

रिकाम्या चौकटी घरी आणून एकेक सुट्या, हवेशीर, चुलीच्या वरच्या दांडीला टांगल्या. एकावर एक रचून गोणीत भरल्या की मेणअळीचं जाळं ठरलेलं. धूर लागतो, वास येतो, पण पोळी वाचतात. स्वयंपाकघराचं रूप बघून बायको काही बोलली नाही. तिचं न बोलणं मला वाचता येतं.

पेटी २ ची राणी गेल्या आठवड्यातच सोडली. नवी अंडी आहेत, मेलेली अळी एकही नाही. अजून मोकळं म्हणणार नाही.

७ जून, शनिवार रात्र

चार पेट्या (१, ३, ५, ९) बैलहोंगलच्या बाजूला मामांच्या शेतात. इथून पूर्वेला गेलं की पाऊस झपाझप कमी होतो. तिथं पावसाळ्यातही माशीला उडायला ऊन मिळतं, बांधावर बाभळी फुलतात.

अंधार पडल्यावर सगळ्या आत आल्या की दारांना जाळी ठोकली. चौकटींच्या मधे पाचर, पेटीला दोन वेढे सुतळी. टेम्पोत पेट्या अशा ठेवायच्या की चौकटी गाडीच्या दिशेला समांतर राहतील; आडव्या ठेवल्या तर प्रत्येक ब्रेकला पोळी एकमेकांवर आपटतात. सुपर नेले नाहीत, फक्त भरलेल्या कोठ्या. मामांचे शेजारी कन्नडच बोलतात. टॉर्च मारून बघितलं आणि म्हणाले, "तुडुवे?" म्हटलं, "हौदु, तुडुवे." आमच्याकडची सातेरी तिथं गेली की तुडुवे होते. मग त्यांनी आपल्या पडक्या विहिरीतल्या पोळ्याची हकीकत पहाटे दोन वाजेपर्यंत सांगितली. चहा झाला. जाळ्या काढून निघालो.

१५ जून, रविवार

धो धो. चार दिवसांत एकदाही ऊन नाही. इथल्या पाच पेट्या दारातनं आणि वजनावरनं तपासल्या, झाकण उघडायचं नाही. मागून एका बाजूनं पेटी उचलायची, स्प्रिंगच्या काट्यावर आकडा बघायचा.

२ ठीक. ४ ठीक, भोकाच्या वरच्या चौकटी कोरड्या ठणठणीत, रस खरंच खाली गेला. ७ मध्ये मात्र वर तसाच पडून, बुरशी धरलीय, काढून टाकला. दोन्ही पेट्यांना मी सारखंच केलं होतं. ७ मध्ये माश्या कमी आहेत, एवढाच फरक दिसतो. ६ हलकी, तिला संध्याकाळी आतच साखरेचं पाणी दिलं, समान वजनाचं. थेंब बाहेर सांडू दिला नाही, नाहीतर शेजारची पेटी लुटायला येते.

८ चा आकडा पटला नाही. मागच्या खेपेला वहीत "तीन बोटं, सहाही चौकटी" लिहिलंय आणि काटा दाखवतोय दीड किलो कमी. दारात पहारेकरी दोनच. पाऊस थोडा ओसरल्यावर उघडली. अंडी नाहीत. झाकलेली पिल्लं मूठभर. मधली चौकट उचलली, माझ्या बाजूला वरती तीन बोटं मध, बरोबर लिहिल्याप्रमाणे. उलटी केली. मागची बाजू रिकामी. दुसरी चौकट, तेच. तिसरी, तेच. नव्या पोळ्यांना त्यांनी एकाच बाजूनं भरलं होतं, आणि मी एप्रिलपासून प्रत्येक पेटी त्याच बाजूला उभा राहून बघत आलोय.

४ च्या सुपरमधल्या दोन झाकलेल्या चौकटी ८ ला दिल्या, वर पाट सरकवून जागा आणखी लहान केली, साखरपाणी ठेवलं. दाराची फट दोन माश्या जातील एवढीच ठेवली. बाबा रोज सकाळी दारातल्या माश्या मोजून फोन करणार.

वहीत रकाना वाढवला: पुढची बाजू, मागची बाजू. उद्या बैलहोंगलला फोन करून मामांना चारही पेट्या उलट बाजूनं बघायला सांगायचं.